राणीची पिपाणी आणि परक्या राणीचा गृहप्रवेश

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. जुन्या व्यापारी पेठेच्या भरभराटीची ती खूण होती. गेल्या साठ वर्षांत मात्र या पाळण्यात सोन्यापेक्षा बियाणेच अधिक वाढले. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि कुंडलिकेच्या काठचे हे गाव संकरित बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. या बियाण्याच्या इतिहासात कंपन्यांची नावे आहेत, शास्त्रज्ञांची आहेत, शेतकऱ्यांचीही आहेत. एका कामकरी जिवाचे नाव मात्र त्यात क्वचितच आढळते. तो जीव म्हणजे मधमाशी.

कांद्याचे बी कसे धरते, हे पाहिले म्हणजे तिच्या कामाचे मोल कळते. कांद्याच्या गोंड्यातील प्रत्येक फुलात पराग आधी पिकतो व झडतो. स्त्रीकेसर ग्रहणक्षम होतो तो त्यानंतर. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी नेऊन पोचवावा लागतो. सूर्यफुलाचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने तो दूर जात नाही. संकरित सूर्यफुलात तर परागहीन ओळींवर शेजारच्या ओळींतील पराग पडला, तरच बी भरते. कपाशीच्या संकरित बियाण्यासाठी बायामाणसांची बोटे एकेका फुलावर राबतात. कांद्याच्या आणि सूर्यफुलाच्या शेतात तेच काम माशी फुकट करते. ज्या वर्षी माशी फिरकत नाही, त्या वर्षी गोंडे डोलताना दिसतात, पण चोळून पाहिले तर हाती फोलच येते. शेतकऱ्याचा सबंध हंगाम अशा वेळी बुडतो.

जालन्याच्या उघड्या माळरानावर आपल्या ओळखीच्या माश्या मुख्यतः दोन. उंच झाडांवर, कड्यांवर आणि पाण्याच्या टाकीखाली एकच भलेमोठे पोळे टांगणारी आग्या माशी, आणि झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे बांधणारी चिमुकली फुलोरी. या दोघी उघड्यावर एकच पोळे बांधतात; पेटीत त्या नांदत नाहीत. पेटीत नांदतात त्या अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधणाऱ्या माश्या : सह्याद्रीच्या झाडीतील सातेरी आणि युरोपातून आलेली, आपल्याकडे 'इटालियन' म्हटली जाणारी माशी. म्हणजे जालन्याच्या शेताच्या बांधावर जी पेटी ठेवली जाते, तिच्यातील वसाहत ही पाहुणी असते. आणि त्या पेटीतील राणी म्हातारी झाली, मेली किंवा हरवली, तर तिच्या जागी येणारी राणीही पुष्कळदा बाहेरूनच आणावी लागते.

परकी राणी घरात कशी स्वीकारली जाते? या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. त्यात तत्त्वज्ञ आहेत, आंधळा संशोधक आहे, धर्मगुरू आहेत, आणि त्या सगळ्या कथेच्या मागे पेटीतून येणारा एक बारीक आवाज आहे.

मधमाश्यांच्या घरात राज्य कोणाचे, याविषयी मानवजात दोन हजार वर्षे चुकीचे बोलत होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पोळ्यातील मोठ्या माशीला 'राजा' म्हटले. मात्र त्याच्या नजरेतून आणि कानातून फारसे काही सुटत नसे. थवा बाहेर पडण्याआधी काही दिवस पोळ्यातून एक वेगळाच, एकसुरी नाद येतो, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. 'राजा' ही वास्तविक अंडी घालणारी मादी आहे, असे १५८६ साली स्पेनमधील लुईस मेंदेस दे तोरेस याने छापून सांगितले. तिच्या पोटातील अंडाशय सुरीखाली उघडून दाखवण्याचे काम सतराव्या शतकात हॉलंडच्या यान स्वामरडाम याने केले.

या दोघांच्या मध्ये १६०९ हे साल येते. त्या वर्षी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील एका खेड्याचे अँग्लिकन धर्मगुरू चार्ल्स बटलर यांनी मधमाश्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पोळे हे 'स्त्रीराज्य' आहे, असे शीर्षकातच जाहीर केले. बटलर संगीताचे जाणकार होते. थवा निघण्याच्या दिवसांत संध्याकाळी पेटीला कान लावून ते आतील स्वर ऐकत. १६२३ च्या आवृत्तीत त्यांनी माश्यांच्या या संगीतावरून चार आवाजांचे एक गीत रचून स्वरलिपीसह छापले. त्यांनी लावलेला अर्थ असा, की राजकन्या घर सोडून जाण्याची परवानगी मागते आणि राणीमाता तिला उत्तर देते. स्वर त्यांनी अचूक ऐकले होते. त्यांचा अर्थ मात्र वेगळा निघाला. तो कळण्यास पुढे कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

आपल्या वाचकांना १६०९ हे साल आणखी एका कारणासाठी जवळचे वाटेल. संत फ्रान्सिस द सालस यांच्या भक्तिजीवनावरील सुप्रसिद्ध ग्रंथाची पहिली आवृत्ती त्याच वर्षाची आहे, आणि त्या ग्रंथात मधमाशी पानोपानी भेटते. फुलाला इजा न करता, ते होते तसेच टवटवीत ठेवून मध घेणारी माशी ही त्यांना खऱ्या भक्तीची उपमा वाटली. याच संताचे नाव धारण करणारे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठवाड्यातील घोगरगाव परिसरात येऊन राहिले, आणि जालना जिल्हा ज्यात मोडतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. पुनरुत्थानाच्या जागरविधीत पास्काच्या मेणबत्तीपुढे गायिल्या जाणाऱ्या प्राचीन लॅटिन स्तोत्रात मेण घडवणाऱ्या माश्यांचा आणि 'माता माशी'चा उल्लेख येतो. जगाने राजाचा जयजयकार करण्याच्या काळातही उपासनेच्या भाषेने माशीला माता म्हटले होते, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते.

आता जिनीव्हाच्या फ्रांस्वा ह्युबर यांच्याकडे वळू. १७५० साली जन्मलेल्या या गृहस्थांची दृष्टी तरुणपणीच गेली. त्यांचा सेवक फ्रांस्वा ब्यूर्नेन्स हा त्यांचे डोळे झाला. पुस्तकाच्या पानांसारख्या उघडणाऱ्या चौकटींची पेटी त्यांनी करवून घेतली. प्रश्न ह्युबर विचारीत, पाहणे व सांगणे ब्यूर्नेन्सचे. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात राणीच्या आवाजाचे वर्णन आहे. नवी, कुमारी राणी पोळ्यावर स्तब्ध उभी राहते, छाती मेणाला टेकवते, पंख पाठीवर घडी घालून थरथरवते, आणि तो स्वर निघताच भोवतालच्या कामकरी माश्या माना खाली घालून जागच्या जागी थिजतात.

परकी राणी देण्याचे पद्धतशीर प्रयोगही ह्युबर यांचेच. एका घरातील राणी काढून घेतली आणि लगेच दुसरी सोडली, तर माश्या तिला घेरतात, तिच्याभोवती गच्च गोळा करतात आणि ती गुदमरते. अठरा तासांनी सोडली तर आधी वेढा पडतो, परंतु तो लवकर सैल होतो. चोवीस तास उलटून गेल्यावर सोडली, तर तिचे स्वागत होते आणि त्या क्षणापासून ती राणी म्हणून वावरू लागते. अंध माणसाने लावलेल्या या हिशेबाचे सार असे, की आपण पोरके झालो आहोत हे घराला आधी उमगावे लागते. ते उमगण्याआधी आलेली नवी आई शत्रू ठरते, उमगल्यानंतर आलेली आधार ठरते.

असे का होते, याचे उत्तर १९६० च्या सुमारास मिळाले. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात कॉलिन बटलर या शास्त्रज्ञाने राणीच्या अंगावरील एका द्रव्याचा माग काढला. जुन्या धर्मगुरूंचेच आडनाव साडेतीन शतकांनी पुन्हा या कथेत यावे, हा योगायोग मौजेचा आहे. राणीच्या जबड्याजवळील ग्रंथींतून पाझरणारे हे द्रव्य तिची सेवा करणाऱ्या माश्या चाटतात आणि एकमेकींना देत घरभर पोचवतात. त्याचा पुरवठा सुरू असेतो 'आई घरात आहे' असा निरोप सर्वांना मिळत राहतो. राणी गेली की निरोप थांबतो, घरात अस्वस्थ घोंघावणे सुरू होते, आणि कामकरी माश्या कोवळ्या अळ्यांभोवती राणीघरे बांधू लागतात. ह्युबर यांचे चोवीस तास म्हणजे हा निरोप विरून जाण्याचा काळ होय.

एकोणिसाव्या शतकात सायलेशिया प्रांतातील योहान झिएरझोन या कॅथॉलिक धर्मगुरूंनी या शास्त्राला मोठी कलाटणी दिली. १८११ साली जन्मलेले हे फादर आपल्या खेड्यातील धर्मग्रामाचे काम पाहत आणि उरलेला वेळ माश्यांना देत. नर माशी फलन न झालेल्या अंड्यातून जन्मते, म्हणजे तिला आई असते पण बाप नसतो, हे त्यांनी १८४५ साली मांडले. पुढे १८५३ साली त्यांनी पिवळी इटालियन राणी आणवली. काळ्या नरांशी समागम झालेल्या अशा राणीचे पुत्र निखळ पिवळेच निघतात, हा त्यांच्या मताचा ठळक पुरावा ठरला. श्रद्धेविषयी अधिकृत शिकवण देताना पोपमहोदयांकडून प्रमाद होत नाही, या १८७० च्या सिद्धांतावरून त्यांचे चर्चशी मतभेद झाले. अखेरच्या काळात समेट होऊन १९०६ साली ते निवर्तले. दूरदेशीची राणी आणून आपल्या माश्यांत मिसळण्याचा छंद युरोपात यानंतर फोफावला.

भारतात पेटीतील मधुपालन रुजवण्यातही एका धर्मगुरूंचा हात आहे, ही गोष्ट आपल्या कुटुंबांत फारशी ठाऊक नसावी. परदेशी मापाच्या पेट्या आपल्या लहानखुऱ्या सातेरीला फार ऐसपैस होत. त्रिचनापल्लीचे येशूसंघीय फादर न्यूटन यांनी तिच्या अंगाला बेतशीर अशी पेटी तयार केली, आणि १९११ ते १९१७ या काळात दक्षिणेतील अनेक ग्रामस्थांना ती वापरण्यास शिकवले. 'न्यूटन पेटी' हे नाव आजही टिकून आहे. आपल्या राज्यात १९४६ पासून महाबळेश्वरच्या परिसरात हे काम सुरू झाले, १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले.

परक्या राणीच्या कथेतील सर्वांत धाडसी प्रकरण मात्र १९६२ ते १९६४ या वर्षांत कांगडा खोऱ्यातील नगरोटा बगवान येथे घडले. हे ठिकाण तेव्हा पंजाबात होते, आज हिमाचल प्रदेशात आहे. युरोपीय माश्यांच्या वसाहती भारतात आणण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. पंजाब कृषी विद्यापीठाचे अटवाल आणि शर्मा यांनी निराळा मार्ग धरला. सबंध वसाहतीऐवजी केवळ फळलेली राणी आणावयाची. ती लहानशा पिंजऱ्यात चार सेविकांसह प्रवास करू शकते, आणि रोगांचा शिरकाव होण्याची भीतीही कमी. मग भारतीय माशीच्या घरातून तिची राणी काढून, तेथे ही परदेशी राणी पिंजऱ्यातून द्यावयाची. जात वेगळी, अंगाचा वास वेगळा, आकार वेगळा. तरीही काही घरांनी तिला पत्करले. भारतीय दायांनी परदेशी राणीची लेकरे वाढवली. काही काळ दोन्ही जातींच्या माश्या एकाच पोळ्यावर राबत होत्या. जुन्या माश्या आयुष्य संपून गेल्या आणि हळूहळू संपूर्ण घर नव्या जातीचे झाले. आज देशभर फिरणाऱ्या इटालियन माश्यांच्या पेट्यांमागे हा प्रयोग उभा आहे. १९९१-९२ मध्ये विषाणूजन्य रोगाने दक्षिणेतील सातेरीच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या, तेव्हा मधपाळांचा ओढा या माशीकडे आणखी वाढला.

आता त्या आवाजाकडे पुन्हा येऊ. वसाहत भरली की जुनी राणी मोठा थवा घेऊन घर सोडते. मागे राहतात त्या शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या लोंबणाऱ्या राणीघरांतील तरुण राण्या. अंडे घातल्यापासून सुमारे सोळा दिवसांत राणी तयार होते. पहिली बाहेर पडते ती पिपाणी वाजवते : आधी एक दीर्घ स्वर, मग मागोमाग आखूड स्वर. अद्याप बंद घरात असलेल्या बहिणी तिला उत्तर देतात. ते स्वर आखूड, खालच्या पट्टीतील, दुरून बदकाच्या आवाजासारखे वाटतात. माश्यांना हा नाद हवेतून ऐकू येतो असे नव्हे. छातीच्या स्नायूंचा कंप मेणातून पसरतो आणि पायांना जाणवतो.

बटलर यांनी ज्याला राजकन्येची विनवणी समजले, त्याचा उलगडा इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली अधिक स्पष्ट केला. त्यांनी मेणाच्या पोळ्यांत कंपने टिपणारी उपकरणे बसवून दीर्घकाळ नोंदी घेतल्या. पिपाणीचा अर्थ कामकऱ्यांसाठी असा, की एक राणी मोकळी आहे, तेव्हा बाकीच्यांना आतच ठेवा. त्या राणीघरांची झाकणे कामकरी माश्या धरून ठेवतात आणि आतील राण्यांना फटीतून भरवतात. मोकळी राणी दुसरा थवा घेऊन गेली की पिपाणी थांबते. मग नुसतेच आतील उत्तर ऐकू येत राहते, आणि माश्या पुढच्या राणीला बाहेर सोडतात. थवे निघण्याचे थांबले, म्हणजे उरलेल्या राण्यांची आपसांत झुंज होऊन एकच शिल्लक राहते. एका घरात दोन मोकळ्या राण्या एकाच वेळी समोरासमोर येऊ नयेत, यासाठी निसर्गाने घातलेला हा पहारा आहे.

या ज्ञानाचा जालन्यातील बीजोत्पादकाला काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. राणी देण्याच्या विचारात असलेल्या मधपाळाने संध्याकाळी पेटीला कान लावावा. पिपाणी ऐकू आली तर आत कुमारी राणी फिरते आहे, हे निश्चित समजावे. अशा घरात विकत आणलेली राणी दिली, तर ती ठार होते आणि पैसेही वाया जातात. पिपाणी नसेल, पोळ्यात ताजी अंडी नसतील आणि राणी सापडत नसेल, तर घर पोरके आहे. तेथे राणी द्यावी. घरात म्हातारी राणी असेल तर ती आधी शोधून काढावी आणि सुमारे एक दिवस जाऊ द्यावा. माश्यांनी राणीघरे बांधावयास घेतली असतील तर ती मोडून टाकावीत. मग राणीचा पिंजरा अंडी-अळ्यांच्या दोन चौकटींमध्ये ठेवावा. पिंजऱ्याचे तोंड पिठीसाखर व मध मळून केलेल्या घट्ट गोळ्याने बंद असते. माश्या तो गोळा बाहेरून कुरतडत खातात आणि तो संपेपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात. तेवढ्या अवधीत राणीला घराचा वास लागतो आणि तिचा निरोप घरभर पोचतो. पिंजऱ्याच्या जाळीला माश्या चावत, चिकटून बसल्या असतील, तर राग अजून गेलेला नाही. जाळीतून सोंड लांबवून तिला भरवत असतील, तर सोयरीक जुळली. राणी बाहेर आल्यावर निदान आठवडाभर पेटी उघडू नये. उत्सुकतेपोटी झाकण उचलणाऱ्या हाताने अनेक राण्या गमावल्या आहेत.

यापुढचे काम एकट्या मधपाळाचे नाही. फुलोऱ्यात असलेल्या कांद्यावर किंवा सूर्यफुलावर भर दुपारी विषारी फवारणी झाली, तर उत्तमोत्तम राणीचे घरही चार दिवसांत ओस पडते. फवारा अटळच असेल तर तो सायंकाळी, माश्या घरी परतल्यावर मारावा. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. आग्या मोहोळाला पलिते लावून मध काढण्याची रीतही सोडून द्यावयास हवी. पेटीतील पाहुणी माशी आणता येते, परंतु आग्या आणि फुलोरी या या मातीच्या लेकी आहेत. त्यांना आणण्याचे दुकान नाही. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, हे या जिल्ह्याने सोसले आहे. जेथे पाणी तोकडे, तेथे फूल मोलाचे. आणि जेथे फूल मोलाचे, तेथे प्रत्येक माशी मोलाची.

दोन हजार वर्षे ज्याला राजा म्हटले गेले, ती आई निघाली. जी विनवणी वाटली, ती पहाऱ्याची खूण निघाली. आणि परक्या राणीविषयी घराचा जो क्रोध वाटला, तो आपल्या आईवरच्या निष्ठेचा भाग निघाला. ही निष्ठा बळजबरीने मोडत नाही, सहवासाने मात्र वळते. त्यासाठी मधपाळाला फारसे काही करावे लागत नाही. साखरेचा एक लहानसा गोळा, तीन दिवसांची सबुरी, आणि संध्याकाळी पेटीला लावलेला कान, एवढेच पुरेसे असते.